चाळिशी आणि संगणकाचा पडदा

मराठीत 'चाळिशी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. वयाची चाळीस वर्षे म्हणजे चाळिशी आणि त्या सुमारास नाकावर येणारा चष्मा म्हणजेही चाळिशीच. वयाला आणि चष्म्याला एकच नाव देताना भाषेने एक शास्त्रीय सत्य सहज टिपून ठेवले आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग लहानपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगीर होते, दूरचे पाहताना चपटे होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपासून सुमारे ८ सेंमी अंतरावरचे अक्षरही स्पष्ट दिसू शकते. चाळिशीत हेच अंतर २२ ते २५ सेंमीपर्यंत वाढते आणि साठीत ते एक मीटरच्या आसपास जाते. वर्तमानपत्र हळूहळू लांब धरावे लागते आणि एक दिवस हातच अपुरा पडतो. हा रोग नव्हे. केस पिकण्यासारखाच हा वयाचा क्रम आहे.

ज्यांना दूरचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर असतात, त्यांची पंचाईत जुनी आहे. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मध्ये एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याविषयी लिहिले होते. त्यात वरचा अर्धा भाग दूरच्या भिंगाचा आणि खालचा अर्धा जवळच्या भिंगाचा होता. हाच आजचा बायफोकल चष्मा. त्याच्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : वाचायची वस्तू नेहमी खाली असते. मांडीवरची पोथी, मेजावरची खतावणी, हातातले पत्र, सारे डोळ्यांच्या पातळीखालीच असते. पुढे १९५९ मध्ये फ्रान्समधील बर्नार मेतनाझ यांचे 'व्हॅरिलक्स' हे भिंग बाजारात आले. त्यात मध्ये रेघ नव्हती. वरच्या दूरच्या नंबरापासून खालच्या जवळच्या नंबरापर्यंत शक्ती क्रमाक्रमाने वाढत जात होती. अशा भिंगांना प्रोग्रेसिव्ह भिंगे म्हणतात. रेघ गेली, पण जुने गृहीत राहिले. जवळचे पाहण्याची जागा आजही भिंगाच्या खालच्याच भागात असते.

हे गृहीत कोठे मोडले, ते रायपूरच्या उदाहरणावरून चांगले समजते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. पुढील काही वर्षांत येथील सरकारी कामकाज झपाट्याने संगणकावर गेले. जमिनीच्या नोंदी 'भुइयां' या प्रणालीत आल्या. २००७ पासून धानाच्या सरकारी खरेदीचे व्यवहारही संगणकावर होऊ लागले. हे काम नव्या मुलांबरोबरच जुन्या कर्मचाऱ्यांवरही आले. नोंदवह्या आणि रेमिंग्टनचा हिंदी टंकलेखक यांवर ज्यांचा हात बसला होता, त्यांतील कित्येकांनी चाळिशी ओलांडलेली होती. टंकलेखन करताना नकलेचा कागद यंत्राशेजारी मेजावर आडवा पडलेला असे, नजर खाली असे, आणि चष्म्याचा खालचा भाग नेमका उपयोगी पडे. संगणकाने तो आडवा कागद डोळ्यांसमोर उभा केला. शिवाय त्या काळच्या काही संगणकांची पेटी आडवी असे आणि तिच्यावरच जाड पडद्याचा जड मॉनिटर ठेवण्याची पद्धत होती. पडदा एक वीतभर आणखी वर जाई.

अशा पडद्यासमोर प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून बसणारा माणूस काय करतो? सरळ पाहिले तर अक्षर धूसर दिसते, कारण समोर भिंगाचा दूरचा भाग येतो. मग तो नकळत हनुवटी वर उचलतो. भिंगाचा खालचा भाग पडद्यासमोर येतो आणि अक्षर स्वच्छ होते. डोळ्यांची अडचण सुटते आणि मानेची सुरू होते. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते मागे कलवून तासन्‌तास धरून ठेवायचे म्हणजे मानेच्या मागच्या स्नायूंना विसावाच नाही. संध्याकाळी खांदे आणि मान भरून येतात, कपाळ ठणकते. त्याचा दोष मात्र उशीला, थंड हवेला किंवा वयाला दिला जातो.

यातून याहून मोठे नुकसानही होते. शिक्षण मध्येच सुटलेला एखादा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला बसतो. वर्गात संगणकासमोर त्याला ओळ सापडत नाही, अक्षरे पळतात, डोके दुखते. शेजारची विशीतली मुलगी झरझर वाचत असते. 'आपल्याला आता हे जमायचे नाही', असे तो ठरवून टाकतो. बुद्धी कमी पडली, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पडदा दहा सेंमी वर असतो.

पडदा नेमका किती खाली हवा, हे साध्या भूमितीने काढता येते. चष्म्याचे भिंग आणि डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू यांत सुमारे २.७ सेंमी अंतर असते. सरळ समोर पाहताना नजर भिंगातून जेथून जाते, तेथून साधारण ८ मिमी खाली मधल्या अंतराची, म्हणजे पडद्याच्या अंतराची शक्ती मिळते, असे धरू. (भिंगाच्या प्रकारानुसार हे माप थोडे कमीजास्त होते.) पडदा ६० सेंमी दूर असेल, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने ०.८ भागिले २.७ गुणिले ६० म्हणजे सुमारे १८ सेंमी येतात. नजर भिंगावर जेमतेम ८ मिमी उतरली की पडद्यावर ती १८ सेंमी उतरते. म्हणजे पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीपेक्षा सुमारे १८ सेंमी खाली हवा. पडद्याची उंची २६ सेंमी असेल, तर त्याची वरची कड डोळ्यांपेक्षा सुमारे ५ सेंमी खाली येईल. 'पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा', हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम चष्मा नसलेल्यांना ठीक आहे. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्याला तो पुरत नाही.

पडदा खाली आणायला बहुधा पैसे लागत नाहीत. खाली पेटी, पुस्तके किंवा खोका असेल तर तो काढावा. ज्याचा स्टँड खालीवर होतो, त्याचा पडदा पूर्ण खाली न्यावा. मेजच उंच असेल तर खुर्ची उंच करावी. मात्र मग पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली पाट किंवा लाकडी फळी ठेवावी. खाली आणलेल्या पडद्याची वरची कड थोडी मागे झुकवली की नजर पडद्यावर सरळ पडते. एवढ्याने वरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडद्यात दिसू लागले, तर झुकाव कमी करावा किंवा मेजाची जागा बदलावी. लॅपटॉपखाली ठोकळे ठेवून तो डोळ्यांसमोर आणण्याचा सल्ला हल्ली फार दिला जातो. त्याने पुढे वाकलेली मान सरळ होते हे खरे, पण प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर ठोकळे थोडेच हवेत.

पडदा डावीउजवीकडे नसावा, अगदी समोर असावा. प्रोग्रेसिव्ह भिंगातील मधल्या अंतराचा भाग एखाद्या बोळासारखा अरुंद असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दृश्य वेडेवाकडे दिसते. हा निर्मात्याचा हलगर्जीपणा नव्हे. भिंगाची शक्ती वरून खाली जितक्या वेगाने वाढवावी, तितकी कडांना विकृती येतेच. चांगल्या भिंगात ती कमी जाणवते, नाहीशी होत नाही. म्हणून रुंद पडद्याच्या टोकाचे वाचताना डोळे तिरपे न करता मान वळवावी.

रायपूरच्या उन्हाळ्याचाही येथे संबंध येतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, घामाने चष्मा नाकावरून घसरतो. फ्रेम ३-४ मिमी खाली आली की भिंगातील मधला बोळही तेवढाच खाली जातो आणि हनुवटी पुन्हा वर उचलावी लागते. ८ मिमीच्या हिशोबात ३ मिमी थोडे नव्हेत. नाकावरच्या गाद्या आणि कानामागच्या दांड्या चष्मेवाल्याकडून नीट बसवून घेणे हे म्हणूनच पडद्याच्या उंचीइतकेच महत्त्वाचे आहे. त्यात कूलरचा झोत सरळ तोंडावर येत असेल तर डोळे कोरडे पडतात. एरवी माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना ही संख्या बरीच घटते. पडदा खाली असला की पापण्याही खाली येतात, डोळ्याचा उघडा भाग कमी होतो आणि ओलावा टिकतो. पडदा खाली आणण्याचा हा दुसरा लाभ सहसा कोणी सांगत नाही.

हे सारे करूनही दिवसाचे सहा-सात तास पडद्यासमोर जात असतील, तर संगणकाच्या कामासाठी वेगळा चष्मा करणे शहाणपणाचे. केवळ पडद्याच्या अंतरासाठी बनवलेला एका नंबराचा चष्मा प्रोग्रेसिव्हपेक्षा सहसा बराच स्वस्त असतो आणि त्याच्या सबंध भिंगातून पडदा स्पष्ट दिसतो. तो घालून रस्त्यावर मात्र जाऊ नये, दूरचे धूसर दिसते. मुंग्या हातापर्यंत येत असतील, मानेची कळ खांद्याखाली उतरत असेल किंवा नजर अचानक अंधुक झाली असेल, तर उंची मोजत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

डोळे तपासायला जाताना एक माप बरोबर न्यावे. नेहमीच्या जागी, नेहमीच्या पद्धतीने बसावे आणि दुसऱ्या कोणाकडून शिंप्याच्या फितीने नाकाच्या मुळापासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. 'संगणकासाठी चष्मा द्या' एवढेच सांगितले तर तपासणाऱ्याला अंतराचा अंदाज करावा लागतो. '६५ सेंमी' असा आकडा सांगितला तर तो त्याच अंतरावर अक्षरांचा तक्ता धरून नंबर ठरवू शकतो.