पांढऱ्या गाडीवरचे तांबूस ठिपके

पांढरी गाडी घेऊन दोन-तीन वर्षं झाली की दारांच्या खालच्या भागात आणि डिकीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसू लागतात. शाम्पूनं धुतले तरी जात नाहीत. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘पत्रा गंजला, कंपनीनं हलका माल वापरलाय.’ बहुतेक वेळा यात तथ्य नसतं. गंज असतो खरा, पण तो गाडीच्या पत्र्याचा नव्हे. बाहेरून उडून आलेले लोखंडाचे बारीक कण रंगात रुततात आणि तिथेच गंजतात.

हे कण येतात मुख्यतः ब्रेकमधून. ब्रेकची डिस्क बिडाची असते, पॅडमध्येही लोखंडाचा अंश असतो. ब्रेक दाबला की दोन्ही झिजतात आणि तापलेला चुरा उडतो. उदाहरणार्थ कोल्हारच घ्या, नगर-मनमाड रस्त्यावरचं गाव. शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेल्या गाड्या इथेच प्रवरेचा पूल ओलांडतात, कोल्हार-घोटी रस्ता इथून सुटतो, बेलापूरकडचा रस्ताही इथलाच. त्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची भर. अशा ठिकाणी गाड्या चालतात कमी आणि ब्रेक दाबतात जास्त. दुसरा स्रोत फॅब्रिकेशनच्या दुकानांचा. ट्रॉलीवर किंवा गेटवर ग्राइंडर चालू असताना शेजारी लावलेल्या गाडीवर पडलेली प्रत्येक ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कणच. ती रंगात बसते, काचेतही बसते.

मग पत्र्याचा खरा गंज ओळखायचा कसा? तो आतून येतो. रंग फुगतो, पापुद्रा सुटतो, किंवा दगड लागून रंग उडाला असेल त्या जागेभोवती डाग पसरत जातो. तिथे डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच जावं लागतं. रंग सपाट असून वर नुसते सुटे ठिपके असतील, तर ते बाहेरचे पाहुणे समजावेत.

‘माझी गाडी काळी आहे, तिच्यावर असलं काही नाही,’ हेही ऐकू येतं. कण काळ्या गाडीवरही तेवढेच असतात, नुसते दिसत नाहीत. धुतलेल्या ओल्या बॉनेटवरून पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून अलगद बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगावर काहीतरी रुतलेलं आहे.

इथून पुढचा गैरसमज महाग पडणारा आहे: ‘क्ले मारला की सगळं निघतं.’ क्ले बार ही काही मऊ माती नव्हे. लवचीक रेझिनमध्ये बारीक अपघर्षक कण मळून ती बनवतात. जपानच्या तादाओ कोदाते यांना 1995 साली अमेरिकेत जे पेटंट मिळालं, त्यात तिचं वर्णनच ‘लवचीक घासणदगड’ अशा अर्थाचं आहे. ती रंगाच्या वर आलेला भाग ओढून काढते. पण पायात मोडलेल्या काट्यासारखं, वरचं टोक निघालं तरी आतलं राहतं, आणि काही महिन्यांत ठिपका परत दिसतो. त्याहून वाईट म्हणजे निघालेला लोखंडी कण क्लेच्या गोळ्याला चिकटून पुढच्या हातभर रंगावर घासला जातो. आधुनिक गाडीच्या सगळ्यांत वरच्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअरकोटची, जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन असते, डोक्याच्या केसाहूनही कमी. तिथले बारीक ओरखडे काढायला मग पॉलिश लागतं, आणि पॉलिश म्हणजे त्याच थरातला आणखी थोडा भाग घालवणं.

म्हणून आधी विरघळवायचं, मग घासायचं. आयर्न रिमूव्हर नावाच्या द्रावणात बहुधा थायोग्लायकोलेट हा घटक असतो. केस काढण्याच्या क्रीममध्ये त्याच घराण्यातली संयुगं वापरतात, म्हणून वासही तसाच उग्र, गंधकाचा. हा घटक लोखंडाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारं जांभळं संयुग तयार करतो, आणि कण पाण्याबरोबर वाहून जातो. ‘म्हणजे अॅसिडच की!’ असं लगेच म्हटलं जातं. अशी बरीचशी द्रावणं उदासीन, ना आम्ल ना अल्कली अशा प्रकारची असतात. तरीही हातमोजे घालावेत आणि मोकळ्या हवेतच काम करावं.

जांभळा ओघळ पाहून लोक खूश होतात. जितकं जास्त जांभळं तितकी जास्त सफाई, म्हणून द्रावण अर्धा तास ठेवून देतात. हे चूक. तीन ते पाच मिनिटं पुरतात. डब्यावर दिलेली वेळ पाळावी. द्रावण रंगावर वाळलं की त्याचेच डाग पडतात. वैशाखात दुपारी तापलेल्या बॉनेटवर तर ते मारूच नये. सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना मारावं आणि भरपूर पाण्यानं धुवावं. जांभळं झालंच नाही तर द्रावण बनावट आहे असंही नव्हे; कदाचित तिथे लोखंडच नसेल.

कारण प्रत्येक ठिपका लोखंडाचा नसतो. डांबराचे काळे थेंब आयर्न रिमूव्हरला दाद देत नाहीत, त्यांना टार रिमूव्हर लागतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे. गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात गाडीवर बसणारी काजळी ही बगॅसची राख. तिच्यात कार्बन आणि सिलिका. तिच्यावर हे महागडं द्रावण ओतणं म्हणजे पैसे वाया. ती कोरड्या फडक्यानं मात्र पुसू नका, आधी पाण्याच्या धारेनं उडवा.

स्वस्तातला उपाय म्हणून कुणी संडास धुवायचं अॅसिड पातळ करून सुचवतं. त्यानं ठिपका जाईलही, पण सोबत क्रोमचे भाग आणि दगडानं उघडा पडलेला पत्रा खराब होईल.

नव्या गाडीलाही हे लोखंड काढणं लागतं का? अनेकदा लागतं. कारखान्याचं आवार, वाहतूक, शोरूमचं यार्ड असा प्रवास करूनच ती आपल्या दारात येते. सिरॅमिक कोटिंग करणार असाल तर कण आधी काढलेच पाहिजेत, नाहीतर ते कोटिंगखाली कोंडले जातात.

एरवी वर्षातून एकदा, फार तर दोनदा, एवढं पुरे. आधी धुणं, मग डांबर काढणं, मग आयर्न रिमूव्हर, पुन्हा धुणं, आणि खरखर उरलीच तर भरपूर लुब्रिकंट लावून क्ले. वॉशिंग सेंटरवाल्याला एकच विचारा, ‘क्लेच्या आधी लोखंड काढणार का?’ ‘क्लेनं सगळं निघतं’ असं उत्तर आलं, तर गाडी नुसती धुऊन घेऊन या.