कचरा गेला, मातीचं काय?

मॅच खेळून आलात की गुडघ्यांना लागलेली माती तुम्ही नळाखाली धुता आणि विसरून जाता. पण ते मैदान एखाद्या बंद पडलेल्या केमिकल कंपनीचं आवार असेल तर?

भोपाळचंच घ्या. युनियन कार्बाइड म्हटलं की २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. पण त्याआधीही कित्येक वर्षं कीटकनाशकांचा कचरा कारखान्याच्या आवारातच टाकला जात होता. तिथे साठवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेला आणि पुढे जाळला. बातमी झाली, विषय संपल्यासारखा वाटला. पण तिथल्या मातीत पारा आणि क्लोरिनयुक्त रसायनं सापडल्याचं तपासण्यांतून याआधीच समोर आलंय. आणि भिंतीला लागून वस्त्या आहेत.

आपली त्वचा म्हणजे रेनकोट, असं आपण धरून चालतो. पण तळहात-तळपाय सोडले तर तिचा वरचा, मृत पेशींचा थर केसापेक्षाही बारीक असतो. या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ असतात. त्यांच्यामुळे पाणी अडतं, पण तेलात विरघळणारी रसायनं त्याच वाटेने हळूहळू रक्तात उतरतात. बरीचशी जुनी कीटकनाशकं याच जातीची.

बरं, सगळीकडची त्वचा सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या १९७१ च्या एका अभ्यासात कपाळाने कोपराखालच्या हातापेक्षा चौपट रसायन शोषलं. म्हणजे मातीच्या हाताने कपाळावरचा घाम पुसणं वाटतं तितकं साधं नाही. त्यात खरचटलेलं असेल, माती बराच वेळ अंगावर राहिली असेल, तर वाट आणखी सोपी.

लगेच घाबरू नका. मातीचे कण रसायनाला धरून ठेवतात, त्यामुळे त्यातलं थोडंच त्वचेत जातं. दूषित पाणी आणि तोंडावाटे पोटात जाणारी माती हा बहुतेक वेळा मोठा धोका असतो. पण तुम्ही तिथे एक दिवस जाता. शेजारची मुलं रोज त्याच मातीत खेळतात, त्याच हातांनी खातात. प्रश्न या 'रोज'चा आहे.

इंटर्नशिप किंवा साइट व्हिजिटला अशा ठिकाणी जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, ग्लोव्हज आणि बूट घाला. परतल्यावर आधी साबणाने हात धुवा, मग वडापाव. हात थिनरने किंवा रॉकेलने अजिबात पुसू नका, त्याने त्वचेतला स्निग्ध थरच निघून जातो. ते कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, वेगळे धुवा.

आणि पुढच्या वेळी 'कारखान्यातला कचरा हलवला' अशी बातमी वाचलीत, तर एक प्रश्न नक्की विचारा: माती तपासली का?