उद्योगाचे मर्म

'उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी' ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. 'उद्योग' हा शब्द मात्र आपण निरनिराळ्या अर्थांनी वापरतो. रिकाम्या बसलेल्या माणसाला आपण 'काही उद्योग कर' असे सांगतो. खोडकर मुलाला आई 'नसते उद्योग करू नकोस' म्हणून दटावते. जेथे यंत्रे चालतात व माल तयार होतो, त्यालाही आपण उद्योगच म्हणतो. दिवसभर राबणारा मनुष्य उद्योगी खरा. परंतु प्रत्येक उद्योगी मनुष्य उद्योजक असतोच असे नाही. मग उद्योजक कोणास म्हणावे?

समाजाची एखादी गरज ज्याला इतरांच्या आधी दिसते, ती भागविण्यासाठी जो स्वतः पुढे होतो, यशाची खात्री नसतानाही आपला पैसा व श्रम पणाला लावतो आणि अनेकांचे हात एका कामात गुंफतो, तो उद्योजक होय. ही व्याख्या ऐकावयास सोपी वाटते. पण ती आचरणात आणणे किती अवघड आहे, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रावरून कळते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या कलाविद्यालयात दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखता येत नसे. चित्रकला सोडावी लागली, तेव्हा ते यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकले; कारण त्यांत रंगांचे काम नव्हते. पुढे मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. तेथे यंत्रांशी त्यांची जी मैत्री जडली, ती जन्मभर टिकली.

नोकरी सोडल्यावर बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. पण त्यांचे लक्ष शेतकऱ्याच्या अडचणींकडे होते. जनावरापुढे अखंड कडबा टाकला, की ते पाला खाते आणि जाड ताटे तशीच राहतात. तोच कडबा बारीक कापून घातला, तर वैरण वाया जात नाही. हे ओळखून लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन फाडतो, परंतु माती उलटवीत नाही. लोखंडी नांगराने खालची माती वर येते व तणांची मुळे उघडी पडतात. इ. स. १९०३ मध्ये असा नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला. पण घेणार कोण? लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु शेतकऱ्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते. नवा प्रयोग फसला, तर उपास घरातील मुलाबाळांना घडतो. त्याच्या भीतीमागे हा विचार होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे म्हणजेच उद्योजकाची खरी कसोटी. पैसा अडकलेला, माल पडून आणि गिऱ्हाईक फिरकत नाही, अशा वेळी काम सोडून देणारे पुष्कळ असतात. लक्ष्मणराव टिकून राहिले. नांगर चांगला चालतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा शंका फिटली व मागणी वाढू लागली.

पुढे आणखी एक संकट आले. नगरपालिकेला वस्तीसाठी जागा हवी असल्यामुळे बेळगावातील कारखाना हलवावा लागला. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कर्जाऊ रक्कम व कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन दिली. ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, नागसापांचा ओसाड माळ होता. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. माळ साफ करणाऱ्यांत व वाडी वसविणाऱ्यांत निरनिराळ्या प्रकारची माणसे होती. शंभोराव जांभेकर यंत्रे सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब पाहत. अनंतराव फळणीकरांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते. पण यंत्राच्या कल्पना त्यांना सहज सुचत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीचे काम सोपविले. माणसातील गुण ओळखून त्याला विश्वासाने काम देणे, हेही उद्योजकाचे एक भांडवलच आहे.

आता अशा उद्योगाने समाजाचा लाभ कसा होतो, ते पाहू. पहिला लाभ शेतकऱ्याचा. त्याला चांगले अवजार मिळते. दुसरा लाभ कामगाराचा. त्याच्या हाताला काम मिळते व त्या हातात नवे कसबही येते. तो आपली मजुरी वाण्याकडे, शिंप्याकडे खर्च करतो, म्हणून त्यांचाही धंदा चालतो. मग शाळा निघते, दवाखाना येतो आणि माळावर गाव नांदू लागते. विहिरीतील एक झरा मोकळा झाला, की तिचे पाणी अनेक घरी पोहोचते, तसेच हे आहे.

उद्योजक नफा मिळवितो, यात गैर काही नाही. नफ्यावाचून उद्योग टिकत नाही व वाढतही नाही. परंतु धान्यात खडे मिसळणारा किंवा टंचाईच्या दिवसांत माल दडवून ठेवणारा मनुष्यही नफा मिळवितोच. तो समाजाची गरज भागवीत नाही, तिचा गैरफायदा घेतो. म्हणून तो श्रीमंत झाला, तरी उद्योजक ठरत नाही.

उद्योगासाठी मोठे भांडवल किंवा मोठी यंत्रेच लागतात, असेही नाही. १९५९ साली मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. घरी येणारे कसब त्यांनी सहकाराने उद्योगात आणले. त्यातूनच पुढे लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली आणि हजारो स्त्रियांना स्वतःची कमाई मिळाली. तेथे काम करणाऱ्या भगिनी त्या संस्थेच्या मालकही असतात.

मुलांनो, आपल्या गावात काय उणे आहे, हे बहुतेकांना दिसते. काही जण त्याबद्दल कुरकुर करतात, काही जण दुसऱ्याची वाट पाहतात. 'हे काम माझे आहे' असे म्हणून जो प्रामाणिकपणे कामास लागतो आणि पहिल्या अपयशाने मागे फिरत नाही, त्यालाच उद्योगाचे मर्म कळले असे म्हणता येईल.