हेल्मेटखालचे मन

मोठ्या बांधकाम प्रकल्पावर पाऊल ठेवताना डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा आणि पायांत बूट आहेत की नाहीत, याची तपासणी आता काटेकोरपणे होते. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे परांची, क्रेन आणि विजेच्या तारांविषयी सूचना दिल्या जातात. मजुराच्या मनःस्थितीचा विषय मात्र तेथे क्वचितच निघतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ या वर्षात देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी ४२,००४ जण, म्हणजे चारांत एकाहून अधिक, रोजंदारीवर जगणारे होते. शेतमजुरांची गणना यात नाही. हे सर्वच बांधकाम मजूर होते असे नव्हे. तथापि गवंडी, बिगारी, फिटर, सेंटरिंगवाले यांतील बहुतेकांची चूल याच रोजंदारीवर पेटते.

समाजातील कित्येक कुटुंबांचा या क्षेत्राशी निकटचा संबंध आहे. कोणी इमारती उभारतात, कोणी सिमेंट-लोखंडाचा व्यापार करतात, कोणी फरशीचा. म्हणून हा प्रश्न परका मानता येत नाही.

साइटवरचा मजूर गर्दीत राहूनही बहुधा एकटा असतो. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल किंवा मराठवाड्यातून मुकादमाबरोबर येताना अनेकांनी उचल घेतलेली असते. दर आठवड्याला हाती 'खर्ची' पडते; उरलेल्या मजुरीचा हिशोब काम संपल्यावर किंवा गावी जाताना होतो. तो हिशोब लांबला की घरी पैसे जात नाहीत. काम सोडावे, तर साठलेली मजुरी बुडण्याचे भय. न सोडावे, तर फोनवर पत्नीला काय सांगावे, हा प्रश्न. त्यातच दुखापत झाली की हजेरी तुटते. पत्र्याच्या खोलीतील दाटी, अपुरी झोप आणि संध्याकाळची दारू यांनी मन आणखी खचते. आत्महत्येला एकच एक कारण क्वचितच असते. पण या साखळीतील एक कडी, थकलेल्या मजुरीची, मालक आणि ठेकेदार यांच्याच हाती असते.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण' आणि 'अन्नपाननिरोध' यांचा समावेश आहे. त्यांचे विवरण करताना बहुधा बैलाचे उदाहरण दिले जाते. आश्रित माणसाच्या मजुरीला उशीर करणे याच चौकटीत तपासले, तर पेढीवरचा साधा देणे-घेण्याचा व्यवहारही व्रताच्या कक्षेत येतो. ठेकेदाराचे बिल अडले की शेवटी कोणाची खर्ची अडते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

हा प्रश्न साइटवरच कसा हाताळता येईल, याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तेथील बांधकाम मजुरांतील आत्महत्यांचे प्रमाण चिंताजनक आढळल्यावर मालक आणि कामगार संघटना एकत्र आल्या आणि २००८ मध्ये क्वीन्सलँड प्रांतात 'मेट्स इन कन्स्ट्रक्शन' हा उपक्रम सुरू झाला. साइटवरील सर्वांना या विषयाची थोडक्यात माहिती दिली जाते. पुढे येणाऱ्या काही मजुरांना अधिक प्रशिक्षण मिळते आणि त्यांच्या हेल्मेटवर ओळखीची खूण लावली जाते. ते उपचार करीत नाहीत; सोबत्याला सुरक्षित ठेवून योग्य मदतीपर्यंत पोहोचवणे, एवढेच त्यांचे काम.

आपल्याकडे ही भूमिका मुकादम, भांडारपाल किंवा खोलीतील जुना सोबती पार पाडू शकतो. बोलका माणूस गप्प होणे, जेवण टाळणे, दारू एकाएकी वाढणे, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, 'माझ्यावाचून कोणाचे अडत नाही' अशी भाषा ही चिन्हे प्रथम त्यांनाच दिसतात. अशा वेळी बाजूला घेऊन, आपुलकीने पण स्पष्ट शब्दांत, जीव द्यावासा वाटतो का, असे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे; उलट बहुतेकांना बोलता आल्याने हलके वाटते. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे सोडू नये, त्या दिवशी उंचीवरच्या कामाला पाठवू नये, आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात सोबत न्यावे. त्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे; नाहीतर तो जाणारच नाही.

पोलिसांच्या भीतीने अनेक प्रसंग दडपले जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर येते.

केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. मराठी, हिंदी, बंगाली अशा अनेक भाषांत तेथे बोलता येते. हा क्रमांक साइट ऑफिसच्या भिंतीवर लावून फारसा उपयोग नाही, कारण मजूर तेथे क्वचितच थांबतो. मजुरांच्या खोल्यांजवळ, पाण्याच्या नळापाशी आणि फोन चार्ज करण्याच्या जागी तो मोठ्या अंकांत असावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या फोनमध्ये मुकादमाने तो स्वतः साठवून द्यावा.