बोटाची भेटकलम

सुगींत मळणीयंत्रांत हात सांपडून बोटाचें हाड उघडें पडण्याचा धोका परभणीच्या शेतकऱ्यास ठाऊक आहे. अशा वेळीं बोट कापून आंखूड करणें हा एकच उपाय नव्हे. उघड्या हाडावर नुसती पातळ कातडी रुजत नाहीं. कारण तिला खालून रक्त मिळत नाहीं. म्हणून शस्त्रवैद्य शेजारच्या बोटाची किंवा जांघेची जाड कातडी एका बाजूनें मूळ जागीं जोडलेलीच ठेवून जखमेवर वळवितात. दोन-तीन आठवड्यांत ती नव्या जागेचें रक्त घेऊं लागते. मग जुना देंठ कापतात. आंब्याची भेटकलमही अशीच साधते. तोंवर हात ओढूं नये. विडी-तंबाखू वर्ज्य करावी, कारण तिनें रक्तवाहिन्या आकसतात.

ही युक्ति आपल्याकडे जुनीच आहे. टिपूच्या कैदेंत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नांवाच्या शेतकरी जातीच्या बैलहांक्यास पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचें नाक बसविलें गेलें. तें वृत्त लंडनच्या मासिकांत १७९४ सालीं छापलें.

दुखापत होतांच हळद वा चुना भरूं नये. अंगठी काढून, जखम स्वच्छ फडक्यानें दाबून बांधावी व हात उंच धरावा. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ कापडांत गुंडाळून पिशवींत घालावा, पिशवी बर्फावर ठेवावी आणि विनाविलंब रुग्णालय गांठावें.