हँडब्रेक सुटता सुटेना! ट्रॅक्टर, जीप, ट्रक... प्रत्येकाची तऱ्हा निराळी. चढावर घाई नडते

चढावर उभा केलेला ट्रॅक्टर, मागे उसाने भरलेली ट्रॉली, आणि ब्रेकची खिट्टी काही केल्या सुटत नाही. मागून हॉर्नवर हॉर्न. अशा वेळी चालक वैतागून खिट्टीला हिसका देतो, ती एकदम सुटते आणि गाडी मागे सरकू लागते. गाव-वस्तीवर एकाच घरात ट्रॅक्टर, पिकअप आणि कार असते; पण तिन्हींचा पार्किंग ब्रेक सोडायची पद्धत वेगळी. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ब्रेक अडकतो का?

साध्या कारमध्ये दोन सीटच्या मधला दांडा ओढला की 'कट्-कट्' आवाज येतो. आत दाते असलेली पट्टी असते आणि त्यात एक खिट्टी अडकते. दांडा जोरात ओढलेला असेल तर केबलच्या ताणामुळे खिट्टी दात्यात घट्ट रुतून बसते. मग नुसतं बटण दाबून उपयोग नाही. दांडा आधी थोडा वर ओढायचा, मग बटण दाबून खाली सोडायचा. ताण हलका झाला की बटण सहज दबतं.

ट्रॅक्टरचं गणित वेगळं

बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये ब्रेकचं पेडल दाबून खिट्टी अडकवतात. सोडताना पेडल आणखी दाबावं लागतं, तेव्हाच खिट्टी मोकळी होते. पेडल न दाबता खिट्टी ओढत बसलं तर ती वाकते, नाहीतर झिजते. काही ट्रॅक्टरमध्ये नुसतं पेडल दाबलं तरी खिट्टी आपोआप सुटते. म्हणूनच उभ्या ट्रॅक्टरवर पोरांना खेळू देऊ नये. डावं-उजवं पेडल जोडणारी पट्टीही लावलेली हवी. नाहीतर ब्रेक एकाच चाकाला लागतो.

जीप, ट्रक आणि बटणवाल्या गाड्या

जुन्या जीपमध्ये डॅशबोर्डखाली ओढायची मूठ असते. ती पिळून आत ढकलावी लागते. नवखा माणूस सरळ ढकलत बसतो. हवेच्या ब्रेकवाल्या ट्रकमध्ये पार्किंग ब्रेक स्प्रिंगच्या जोराने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो. टाकीत हवा भरेपर्यंत गाडी हलणार नाही. तिथे थांबणं हाच उपाय. नव्या कारमध्ये बटण असतं. बहुतेकांत इग्निशन चालू करून, पाय ब्रेकवर ठेवूनच ते सुटतं. बॅटरी उतरली असेल तर कितीही दाबा, फरक पडत नाही.

पावसाळ्यात चिकटलेला ब्रेक

हँडब्रेक ओढून गाडी बरेच दिवस ओलीत उभी राहिली तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. दांडा खाली येतो, पण चाक फिरत नाही. जास्त दिवस गाडी ठेवायची असेल तर सपाट जागा बघावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला पुढून-मागून दगड लावावेत आणि हँडब्रेक मोकळा सोडावा.

हे लक्षात ठेवा

- उभी करताना पायाचा ब्रेक दाबूनच हँडब्रेक लावा.
- सोडण्याआधीही पाय ब्रेकवर हवाच.
- तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स.
- भरलेल्या ट्रॉलीला दगड लावल्याशिवाय खाली उतरू नका.
- चालवताना जळका वास आला तर आधी हँडब्रेक बघा.

दुसऱ्याची गाडी हातात घेतली तर स्टार्टर मारण्याआधी एकच विचारा, 'याचा ब्रेक सुटतो कसा?' विचारण्यात कमीपणा नाही.