मांजराला माणसाचें औषध

मांजर मलूल होऊन कोपऱ्यांत बसलें, म्हणजे घरांतल्या कोणाला तरी कणव येते, आणि मुलाच्या तापासाठीं आणून ठेवलेली पॅरासिटामॉलची गोळी अर्धी करून दुधांत विरघळविली जाते. शत्रूनेंहि करूं नये असा हा उपचार! मनुष्याचें यकृत या औषधाचा बराचसा भाग निरुपद्रवी करून शरीराबाहेर घालवितें. मांजराच्या यकृतांत हें सामर्थ्य फारच तुटपुंजें असतें. त्यामुळें औषधापासून होणारें विष तांबड्या पेशींवर घाला घालतें, व रक्ताला प्राणवायु वाहून नेतां येत नाहीं. गुलाबी हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास जलद चालतो. एका गोळीनेंहि मृत्यु ओढवूं शकतो. मांजराला तत्काळ पशुवैद्याकडे नेल्यास ॲसिटिलसिस्टीनचा उतारा देतां येतो. सोबत गोळीचें वेष्टन न्यावें, म्हणजे मात्रा कळते.

कुत्रा हें औषध मांजराहून अधिक सोसतो. पण सोसतो म्हणून द्यावें असें नाहीं. शिवाय प्रसादांतले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरूं शकतात, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें.

औषधांची पेटी कडीच्या कपाटांत असावी. आणि रात्रीं एखादी गोळी हातून निसटलीच, तर ती सकाळीं शोधूं म्हणून सोडूं नये. जमिनीवर घरंगळणारी कोणतीहि वस्तु मांजराला खेळणेंच वाटते.